मागच्या खोलीतला धनेश

ही गोष्ट मी कुणा तिऱ्हाइताच्या तोंडून ऐकून सांगत नाही.

घडली ती माझ्या चुलत बहिणीच्या, गार्गीच्या बाबतीत. तिचा काही भाग तर माझ्याच घरात घडला, इथे बुलढाण्यात. तुम्ही विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही. पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. माणसं हयात आहेत, म्हणून आडनावं आणि गल्ली तेवढी सांगत नाही.

साल २०२३. मार्च महिना. गाव जळगाव जामोद.

आणि वेळ... दिवेलागणीची.

लोकांना वाटतं अशा गोष्टी मध्यरात्रीच घडतात. ही घडली तेव्हा गल्लीत पोरं खेळत होती. कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होत होती.

गार्गी पुण्यात एका संस्थेत पक्ष्यांवर काम करते. जिवंत पक्ष्यांवर नाही. मेलेल्या. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मारलेल्या, कापूस भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा ती शोध घेते. तिने मला एकदा समजावून सांगितलं होतं. एखाद्या नव्या जातीला पहिल्यांदा नाव देतात, तेव्हा जो पक्षी समोर ठेवून ते नाव दिलं, तो जपून ठेवावा लागतो. त्याला मूळ नमुना म्हणतात. पुढे कधी वाद झाला, तर त्याच्यापाशीच परत जायचं.

आफ्रिकेतल्या एका धनेशाचे असे तीन नमुने होते. धनेश म्हणजे तो मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी, आपल्या सातपुड्यातही त्याचा एक भाऊबंद आहे. त्या तिघांपैकी दोन युरोपातल्या एका संग्रहालयात सापडले. पण ते दोघं एका जातीचे वाटेनात. नाव नेमकं कुणाचं, हे तिसऱ्यावर ठरणार होतं.

आणि तिसरा हरवला होता.

गार्गीने त्याच्यामागे तीन-चार वर्षं घालवली. तो ओळखायची खूण एकच होती. ज्या साहेबाने तो मारला, त्याने छापून ठेवलं होतं : नर आहे, ढोलीतल्या मादीला भरवत असताना मारला, चोचीवर चिखल आहे.

"चिखल कशाला?" मी विचारलं होतं.

"अंडी घालायची वेळ आली की धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत जाते, दादा. ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते. नर बाहेरून चिखल आणून देतो. फक्त चोच जाईल एवढी फट ठेवतात. मग पिल्लं मोठी होईपर्यंत ती आतच. नर रोज येतो, चोचीने टकटक करतो, भरवतो."

"आणि नरच मेला तर?"



"त्या मादीचं काय झालं ते छापलेलं नाही," ती म्हणाली. "त्या साहेबाचा तळ दुसऱ्या दिवशी पुढे गेला."

तो तिसरा पक्षी संग्रहालयांच्या अदलाबदलीत भारतात आला होता. नागपूरच्या एका जुन्या संग्रहात बरीच वर्षं होता. तिथे पूर्वी झाडलोट करणाऱ्या जानराव नावाच्या म्हाताऱ्याला गार्गी भेटली. त्याला पक्षी आठवत होता.

"थो गेला थे बरंच झालं, बाई," जानराव म्हणाला. "त्याच्या मागच्या भितीतून टकटक ये. सांजच्याले. आमी दिवा लागायच्या आत घरी पळो."

गार्गी हसली होती. जुन्या लाकडाला भुंगे लागतात, आवाज येतो.

नागपूरहून तो पक्षी शिकवण्यासाठी म्हणून जळगाव जामोदच्या एका कॉलेजात गेला. कॉलेजने पुढे ती पक्ष्यांची खोली मोडून तिथे कॉम्प्युटर ठेवले. सगळं भंगारात चाललं होतं. तेव्हा प्राणिशास्त्राचे चिंतामण सर एवढा एक पक्षी घरी घेऊन गेले. सर आता निवृत्त होते. गार्गीने फोन केला तेव्हा ते शांतपणे म्हणाले,

"आहे माझ्याकडे. या तुम्ही."

गार्गी पुण्याहून आधी माझ्याकडे आली. मी तिला गाडीने नेलं. राजूर घाट उतरून मोताळा, नांदुरा, मग पूर्णेचा पूल ओलांडून जळगाव जामोद. समोर सातपुडा उन्हात फिकट दिसत होता. तिला सरांच्या दारात सोडून मी गावातल्या मित्राकडे गेलो. पुढचं तिने मला सांगितलं तसं सांगतो.

सर उंच, वाळलेले. बोलणं मऊ. घर स्वच्छ, पण घरात एकच माणूस राहतो हे लगेच कळावं असं. सोफ्याचा एकच कोपरा दबलेला. खुंटीवर एकच टॉवेल.

त्यांनी स्वतः चहा केला. धनेशाबद्दल खूप बोलले. मूळ नमुना म्हणजे काय हे गार्गीला समजावावं लागलं नाही.

"पक्षी मागच्या खोलीत आहे," ते म्हणाले. "पण आता नाही दाखवत. उद्या सकाळी. आता तिची... आता वेळ झाली आहे."

एवढं बोलून ते स्वयंपाकघरात गेले आणि तांदूळ धुऊ लागले.

गार्गी मागच्या अंगणात आली. तिथे घरकाम करणाऱ्या रुखमाबाई भांडी घासत होत्या. समोर मागची खोली. दाराला बाहेरून साखळी. दाराची एक फळी नवी, बाकीच्या जुन्या. बाजूला छोटी लाकडी खिडकी. खिडकीखाली एक खुर्ची, खिडकीकडे तोंड करून ठेवलेली.

"इथे कोण राहतं?" गार्गीने विचारलं.

रुखमाबाईंचा हात थांबला.

"कोनी नाई राह्यत, बाई."

मग त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला.

"करोनाच्या सालची गोष्ट हाय. दुसऱ्या लाटीची. आधी बाईले झाला. स्नेहलताबाईले, सरायच्या घरच्यायले. सरायले दमा. मंग बाईनं काय केलं, या खोलीत गेल्या अन आतून कडी लावून घेतली. म्हने, कडी नसली तं हे आत येतीन, माझं आयकनार नाईत. सर रोज या खिडकीतून ताट देत. सांजच्याले खुर्ची टाकून बसत. इकडून हे, तिकडून त्या. बोलत राहत."

"मग?"

"मंग सरच पडले. अठी, अंगनात. गाडी आली, अकोल्याले घेऊन गेली. शुद्धच नोती त्यायले. गल्लीतल्या लोकायले वाटलं, बाईले आधीच नेलं. पोरगा, शंतनु, तिकडं परदेशात. त्याले वाटलं दोघंबी दवाखान्यात हायेत. अन मले आमच्या गावातून इकडं येऊ देत नोते. रस्त्याले बांबू लावेल होते."

त्या पुन्हा ताट चोळू लागल्या.

"आवाज येत होता म्हनतात. आतून. टकटक. शेजारच्यायनं आयकला. पन कोनी गेलं नाई, बाई. त्या वक्ती कोनी कोनाच्या दारात जात नोतं."

"त्यांना कडी काढता आली नाही?"

"ताकदच नसंन राह्यली. दार तोडलं तं कडीखालीच पडेल होत्या."



रुखमाबाईंनी भांडी गोळा केली, पदराने हात पुसले. दिवा लागायच्या आत त्यांना घरी जायचं होतं. जाताना एवढंच म्हणाल्या,

"तुमी घाबरू नका. पन सरायले, हे काऊन करता म्हनून इचारू नका."

ऊन गेलं. अंगणातला रंग बदलला. पलीकडच्या गल्लीत पोरं ओरडत होती.

सर ताट घेऊन आले. मऊ भात, वरण, भाकरीचा चतकोर. वाफ निघत होती. त्यांनी खिडकीची फळी थोडी उघडली. ताट जाईल एवढीच. आत अंधार होता. ताट आतल्या कट्ट्यावर ठेवलं, फळी ओढून घेतली आणि ते खुर्चीवर बसले.

गार्गी खांबाला टेकून उभी होती.

"आज पाहुणी आली आहे," सर खिडकीशी बोलले. "गार्गी. बुलढाण्याकडची. पक्षी बघायला आली आहे."

काही नाही.

पोरांचा आवाज थांबला होता. कधी थांबला ते तिला कळलं नाही. कुकर नाही, मोटारसायकल नाही, चिमण्या नाहीत. कुणीतरी सगळ्या गावावर घोंगडी टाकावी तसं.

आणि मग...

टक.

लाकडावर. आतून.

टक... टक.

 सर हसले. खूप दिवसांनी माणूस हसतो तसं ते हसणं नव्हतं. रोजचं होतं.

"हो, हो," ते म्हणाले. "जेव तू."

थोड्या वेळाने त्यांनी फळी उघडून ताट बाहेर काढलं. वाटलं तर बघ, अशा अर्थाने ते गार्गीपुढे धरलं.

भाताला कुणी हात लावला नव्हता. पण तो भात... वाळून खडखडीत झाला होता. वरणाला भेगा गेल्या होत्या. भाकरी लाकडासारखी. कित्येक दिवस तिथेच पडून असल्यासारखं ताट. आत जाऊन त्याला पाच-दहा मिनिटंही झाली नव्हती.

"रोज असंच," सर म्हणाले. "खात नाही ती. पण ठेवलं नाही, तर टकटक थांबत नाही."

मी रात्री गार्गीला घेऊन मित्राच्या घरी आलो. ती जेवली नाही. पहाटे मी उठलो, तर ती अंगणात बसलेली.

"दादा," ती म्हणाली, "नागपूरलाही तो आवाज होता. स्नेहलताकाकूंच्या कितीतरी आधी."

तिच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. हा आवाज पक्ष्याबरोबर फिरतोय. काय आहे ते माहीत नाही, पण सरांची बायको नाही. आणि तो भला माणूस रोज संध्याकाळी त्या खिडकीशी बांधला गेलाय. पक्षी नेला तर तो सुटेल.

तिला खरोखर असं वाटलं होतं. हे मी मुद्दाम सांगतो. कारण तिला तो पक्षी हवाही होता, आणि त्या दोन गोष्टींची गल्लत तिच्या मनात आजही सुटलेली नाही.

सकाळी सरांनी साखळी काढली.

खोलीत एक लोखंडी खाट. खाटेवर घडी घातलेली चादर. खिडकीच्या कट्ट्यावर औषधाची रिकामी पाकिटं, तशीच. आणि भिंतीला काचेची पेटी, तिच्यात पक्षी. रंग उडालेला, एक डोळा कापसाचा.

गार्गीने हातमोजे घातले. पेटी उघडली. भिंग लावून चोचीच्या मुळापाशी पाहिलं.

चिखल होता. तांबूस, वाळलेला. शंभर वर्षांपेक्षा जुना.

"हाच आहे, सर."

सरांनी मान हलवली. मास्तर चांगल्या विद्यार्थ्याकडे बघतो तसं तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे याची जागा इथे नाही."

"सर, मला आणखी एक सांगायचं आहे."

आणि तिने नागपूरचं सांगितलं. सर खाटेच्या कडेवर बसले. बराच वेळ पक्ष्याकडे बघत राहिले.

"म्हणजे ती स्नेहलता नाही?"

"मला माहीत नाही, सर. पण तो आवाज काकूंच्या आधीपासून आहे."

"मग दोन वर्षं मी जेवायला कुणाला घालतोय?"



सर उठले. स्वतःच्या हाताने पक्षी कापसात गुंडाळला. खोक्यात ठेवला. झाकण लावताना त्यांचा हात थांबला, एवढंच.

"घेऊन जा," ते म्हणाले. "आज संध्याकाळी कळेल काय ते. कळलेलं बरं."

आम्ही दुपारी बुलढाण्याला पोचलो. पक्षी पुण्याला न्यायचा तो दुसऱ्या दिवशी. तोवर गार्गीने खोका माझ्या घरातल्या आतल्या खोलीत, भिंतीतल्या कपाटात ठेवला.

दिवेलागण झाली. माझी बायको तुळशीपाशी दिवा लावत होती.

गार्गीचा फोन वाजला. सर होते.

"गार्गी, ताट ठेवलं," ते म्हणाले. "आवाज नाही आला. भात अजून गरम आहे."

आवाज अगदी सपाट होता.

"तुझंच खरं निघालं. बरं झालं, बेटा. बरं झालं."

ती काहीतरी बोलायला गेली. सांत्वनाचं, शहाणपणाचं. आणि मध्येच थांबली.

घर एकदम शांत झालं होतं.

रस्त्यावरची वर्दळ, शेजारचा टीव्ही, पंखा... पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

टक.

आतल्या खोलीतून.

मीही ऐकलं. माझ्या बायकोनेही ऐकलं. ती काड्यापेटी हातात घेऊन दारातच उभी राहिली.

टक... टक.

गार्गी फोन कानाला लावूनच आत गेली. मी मागे. कपाटाचं दार बंद होतं. ती त्याच्यासमोर उभी राहिली. आणि मग आतून, फार लांबून यावा तसा, बाईचा आवाज आला. थकलेला. तक्रार नसलेला.

"अहो... आज उशीर झाला का?"

गार्गीने तो आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. मीही नाही.

पण फोनवर सरांनी तो ओळखला.

त्यांचा श्वास अडकलेला आम्हाला इकडे कळला. गार्गीने फोनचा आवाज वाढवला आणि तो कपाटाच्या दाराला लावून धरला. 

"स्नेहा?" सर म्हणाले.

शांत.

"स्नेहा, मी इथे आहे. तू कुठे आहेस?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं.

"अंधार आहे... कडी निघत नाही."

   त्या आवाजात भीती वाटावी असं काही नव्हतंच.

"नको काढू," सर म्हणाले. ते रडत होते आणि रडणं बोलण्यात येऊ देत नव्हते. "तू दमू नको. मी आणतो तुला. भात केला आहे मी. उद्या आणतो घरी. ऐकतेस ना?"

टक.

एकच.

मग पंखा ऐकू येऊ लागला. शेजारचा टीव्हीही.

माझी बायको स्वयंपाकघरात गेली. भात गरम केला, वर तूप घातलं, ताट आणून कपाटासमोर ठेवलं आणि हात जोडले. गार्गी जमिनीवर बसून राहिली. तिला तेव्हा काय कळलं होतं, ते तिने मला नंतर सांगितलं. नागपूरला कोण होतं देव जाणे. पण काकू शेवटचे दिवस त्या पक्ष्यासोबत एकट्या होत्या. आता जिथे तो, तिथे त्या. आणि गार्गी त्यांना त्यांच्या नवऱ्यापासून उचलून घेऊन आली होती.

सकाळी उजाडल्याबरोबर आम्ही निघालो. खोका गार्गीच्या मांडीवर. ती त्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती.

राजूर घाट उतरताना मागचं चाक बसलं.

पंक्चर. जागा अडचणीची. एका बाजूला कापलेला खडक, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली दरी. मी जॅक लावायला तिला खाली उतरवलं. तिने खोका खडकातल्या एका कपारीत ठेवला आणि मला पाना दिला. ट्रक जात होते. हॉर्न, धूळ. चाक बदलायला लागतो तेवढा वेळ लागला. जास्त नाही.

तिने खोका उचलला.

आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"हलका लागतोय, दादा."

तिने झाकण उघडलं. पक्षी होता. कापसात, जसा होता तसा. मीही उचलून बघितला. मला काही फरक कळला नाही. खरं सांगायचं तर मला लवकर निघायचं होतं.

"चल," मी म्हटलं. "सर वाट बघतायत."

सर फाटकात उभे होते. दाढी केलेली. इस्त्रीचा शर्ट. रुखमाबाई त्या दिवशी लवकर आल्या होत्या आणि चुलीवर वांगी भाजत होत्या. भरीत बाईंना फार आवडायचं म्हणे. मागच्या खोलीतली चादर बदलली होती. औषधाची पाकिटं काढून टाकली होती. त्या दाराची साखळीच सरांनी उखडून टाकली होती. दार सताड उघडं.

पक्षी आपल्या पेटीत गेला.

सगळे संध्याकाळची वाट बघत बसलो. रुखमाबाईही गेल्या नाहीत.

ऊन उतरलं. सरांनी ताट वाढलं. दार उघडं असूनही त्यांनी ते खिडकीतूनच दिलं आणि खुर्चीवर बसले.

"स्नेहा, भरीत आहे आज."

गल्लीत पोरं खेळत होती. त्यांचा आवाज थांबला नाही.

कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. चिमण्या झाडात भांडत होत्या. गार्गी डोळे मिटून, मनातल्या मनात, ते सगळे आवाज बंद व्हावेत म्हणून विनवत होती.

बंद झाले नाहीत.

अंधार पडला. सरांनी ताट बाहेर काढलं. भाताला बोट लावून पाहिलं. निवला होता. साधा, निवलेला भात. कुठल्याही घरात निवतो तसा.

मी बायकोला फोन केला. तिने कपाट उघडून पाहिलं, कान लावून बसली. तिथेही काही नव्हतं.

 मग सरांनीच विचारलं. रागाने नाही. वर्गात एखादा साधा प्रश्न विचारावा तसं.

"वाटेत कुठे थांबला होतात?"

गार्गी त्यांच्या पायाशी बसली आणि लहान मुलीसारखी रडली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तू मुद्दाम नाही केलंस," ते म्हणाले. पण त्यांची नजर दक्षिणेकडे होती. बुलढाण्याच्या रस्त्याकडे.

पक्षी त्यांनी परत गार्गीच्या हवाली केला. आता तो पुण्यात आहे. नीट, सुरक्षित. त्याच्यावरून नाव ठरलं, वाद मिटला. गार्गीचं नाव झालं, परदेशातून बोलावणी आली. ती अजूनही अधूनमधून संध्याकाळी संस्थेतल्या त्याच्या कपाटाशी जाऊन बसते. कपाटात काही वाजत नाही. पुण्याहून माझ्याकडे येताना आता ती चिखलीकडून येते आणि तशीच परत जाते. घाटाचं नाव काढलं की पाण्याचा ग्लास खाली ठेवते.

मला मात्र घाटातून जावंच लागतं. माझं निम्मं काम मोताळ्याला असतं. संध्याकाळी त्या वळणावर आलो की मी गाडीची काच खाली घेतो. ऐकू यावं असं वाटतं आणि येऊ नये असंही वाटतं. दोन्ही खरं आहे. त्या खडकात काही आहे का, ती तिथेच आहे की कुठल्या तरी ट्रकबरोबर कुठच्या कुठे निघून गेली, हे मला कोण सांगणार?

सर दर आठवड्याला एसटीने येतात. कंडक्टर आता त्यांना ओळखतात, घाटात थांबा नसला तरी उतरवतात. हातात डबा असतो. ते कडेकडेने चालतात. थोडं अंतर गेले की खडकाला कान लावतात, बोटाच्या पेराने हलकेच वाजवतात. मग डबा उघडून एखाद्या कपारीत भात ठेवतात आणि थांबतात.

मागच्या महिन्यात मी त्यांना तिथे पाहिलं. गाडी बाजूला घेतली, त्यांच्यासोबत उभा राहिलो. समोरून ट्रकची रांग चढत होती. कपारीतल्या भाताची वाफ हळूहळू कमी होत गेली. सर कान लावून होते. शेवटी त्यांनी कानाला लागलेली खडकाची धूळ पुसली.

"चला, सर," मी म्हटलं. "अंधार पडेल. मी सोडतो तुम्हाला."

"थोडं थांबू," ते म्हणाले. "ती वाजवत असेल. गाड्यांचा आवाज फार आहे इथे."